ही खुर्ची कुणाची?

"खुर्ची नको," असं बाई उंबऱ्यातच म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता खुर्ची फिरवून तिची पाठ बघायच्या.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे चाळीत कुणी साहेब किंवा मॅडम आली की कुठूनतरी एक प्लास्टिकची खुर्ची येते. ती बहुतेक वेळा त्या घरातली नसतेच. शेजारच्या मंडळाची असते, नाहीतर मंडपवाल्याकडून आलेली आणि परत जायची राहिलेली, आणि तिच्या पाठीवर ऑइलपेंटने मालकाचं नाव रंगवलेलं असतं. आमच्या बाई ते नाव मोठ्याने वाचायच्या. "नवतरुण मित्र मंडळ. अरे वा! ही खुर्ची कुणाची, मंडळाची?" घरातली माणसं ओशाळून हसायची. मग बाई पिशवी कोपऱ्यात टेकवायच्या, एक हात कमरेवर, एक भिंतीवर, आणि "आई गं" करत सरळ जमिनीवर बसायच्या.

बसायला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ उठायला लागायचा. गुडघे केव्हाचे गेलेले. निघायची वेळ झाली की दोन्ही हात पुढे करून "ओढा आता!" म्हणायच्या, आणि ज्या घराची पाहणी करायला आम्ही आलेलो असायचो त्याच घरातली माणसं त्यांना दोन्हीकडून धरून उभं करायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला लाज वाटली होती. आम्ही संस्थेकडून आलेलो, काही रुबाब नको का?

रुबाबाचं सांगते, कारण तेव्हा माझ्याकडे तो भरपूर होता. नुकतीच समाजकार्यात एमएसडब्ल्यू होऊन नोकरीला लागले होते. डिग्री ताजी आणि जीभ तिच्याहून ताजी. आमचं ऑफिस ठाण्यात, खोपटच्या डेपोजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. खिडकी उघडली की एसटीच्या घोषणा थेट टेबलावर येऊन पडायच्या. आमचं काम असं, की काही अडचणीमुळे ज्यांची मुलं बालगृहात ठेवलेली असतात त्यांच्या घरी जायचं. आई-बाप मूल परत मागत असतात. द्यायचं की नाही हे सरकारने नेमलेली समिती ठरवते, पण समितीतली माणसं काही घरोघर फिरत नाहीत. घर आम्ही बघायचं आणि तिथे जाऊन सांगायचं, कसं आहे.

बाई आमच्यात सगळ्यांत जुन्या. राहायच्या डोंबिवलीत, पूर्वेला. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत बारा महिने छत्री. घरोघरची माणसं त्यांना बाई म्हणायची आणि आम्हीही तेच म्हणायचो, कारण शाळेतल्या बाईंसारख्या त्या आमच्या चुका काढायच्या. माझ्या पहिल्याच रिपोर्टात मी लिहिलं होतं, घरात अस्वच्छता आढळली.

"काय आढळलं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे, भांडी पडलेली होती."

"किती वाजता गेली होतीस?"

"दुपारी."

"तुझ्या घरी दुपारी भांडी कुठे असतात गं?"

माझ्या घरी दुपारी भांडी मोरीतच असतात, आणि ती आई घासते.

त्यांची दुसरी सवय मला खुर्चीपेक्षाही जास्त छळायची. कुठल्याही घरातून निघण्याआधी त्या सगळ्यांना समोर बसवायच्या आणि म्हणायच्या, "आता मी तिथे जाऊन काय सांगणार आहे ते ऐका. चुकलं तर इथेच बोला. मी काही वाघ नाही." आणि मग खरोखरच सगळं सांगायच्या, चांगलं-वाईट सगळं.

ठाकुर्लीला स्टेशनच्या मागे एक आजोबा होते. नातू बालगृहात होता आणि त्यांना तो परत हवा होता. बाई आपलं म्हणणं सांगत सांगत तिथवर आल्या. "आजोबा दारू पितात."

"पितो," आजोबा म्हणाले. "पन रोज नाय पीत."

"मग केव्हा पिता?"

"जवा मिलंल तवा."

"आणि मिळते केव्हा?"

आजोबांनी जरा विचार केला. "तशी रोजच मिलते."

घरभर हशा झाला. सुनेने पदर तोंडाला लावला. बाईही हसल्या, मग म्हणाल्या, "बरं, मी असं सांगते. आजोबा पितात, पण घरात आणत नाहीत, आणि पिऊन आले की बाहेर ओट्यावर झोपतात. हे खरं ना?"

"खरं. पन थंडीत आत झोपतो."

"थंडीत आत," बाईंनी मान डोलावली.

आजोबा खूश झाले. बाईंना ओढून उभं करताना म्हणाले, "मॅडम, ह्ये बेस केलंत. माज्याबद्दल बोलनार नि पयलं मलाच सांगनार." नातू पुढे घरी आला. पण त्या दिवशी दीड घर बघून होईपर्यंत दुपार कलली आणि उरलेली घरं माझ्या डोक्यावर राहिली. ऑफिसात आमचे प्रमुख, म्हणजे सर, कुरकुरायचे. "अहो बाई, हे म्हणजे निकाल लागायच्या आधी मुलांना पेपर दाखवण्यासारखं झालं." बाई म्हणायच्या, "सर, मूल त्यांचं आहे. पेपरही त्यांचाच." सर हात जोडायचे. मीही मनातल्या मनात जोडायचे.

महिन्या-दोन महिन्यांतून बाई एकट्याच मोहन्याला जायच्या. ते काम कुठल्या यादीत नसायचं. विचारलं तर "ओळखीचे आहेत" एवढंच. एकदा गुडघा फारच सुजला तेव्हा म्हणाल्या, "येतेस का बरोबर? तिथे दोघीच असतात, मला उठवायला कमी पडतील."

शहाडहून रिक्षा केली. बंद कंपनीची लांबच लांब भिंत संपल्यावर एका चाळीपाशी उतरलो. तिथे राहायच्या मंदाताई. काटकुळ्या, चपळ आणि अखंड बोलणाऱ्या. लोकांना पोळ्या करून द्यायच्या. आम्हाला बघताच हात पिठाचे तसेच घेऊन आतून निळी खुर्ची आणली. "बसा की बाई. आता ही माझीच हाय, कुणाची न्हाई."

बाई खाली बसल्या.

"बघा," मंदाताई मला म्हणाल्या, "कवाच बसत न्हाईत." मी मात्र बसले. पाय दुखत होते आणि खुर्ची आयती होती. बसल्या बसल्या मी जीभ सैल सोडली. "बाईंना खुर्चीचं काय वावडं आहे हो?"

मंदाताईंना तेवढंच हवं होतं. "अवो, ती गंमतच हाय," त्या म्हणाल्या. "मला टीबी झालता. नवरा आधीच गेलेला. पोरगी बारकी, पाच वर्षाची. कुणाजवळ ठेवू? म्हणून बालगृहात ठेवली. बरी झाले, काम धरलं, म्हटलं आता द्या माझी पोरगी. तर बाई म्हणल्या, अमक्या दिवशी येते घर बघायला. आता माझ्या घरात काय? स्टो आन् वाकळ. पन आमच्या चाळीत एक रीत हाय. कुणाची पोरगी बघायला पाव्हणे यायचे असले की ज्याच्या घरात जे चांगलं असंल ते त्या घरात आणून ठेवायचं. त्या दिवसापुरतं. पाव्हणे गेले की ज्याचं त्याला परत."

मग त्यांनी एकेक वस्तू मला जागेवर उठून दाखवली. इथे शेजारच्या राण्यांच्या दोन खुर्च्या. इथे माडीवरच्यांचा टेबलफॅन. इथे खाट, खाटेवर नणंदेची फुलांची चादर. दोघांनी उचलून आणलेलं स्टीलचं पिंप, तेही भरलेलं. "आन् ह्या भिंतीवर कमळाकाकूंचं घड्याळ. मोराचं! पिसारा फुलवलेला आन् पोटात काटे. बाईंनी बघितलं, खूश झाल्या. म्हणल्या, घड्याळ छान आहे. मी म्हटलं, ह्यांनी आणलेलं. आता मेलेल्या माणसाला कोण विचारायला जातंय?"

मी इतकी हसले की खुर्ची हलली. मंदाताईही हसत होत्या. बाई हसत नव्हत्या. त्या फरशीच्या सांध्यातून नखाने रेघ ओढत होत्या.

तेवढ्यात आतल्या अंधारातून एक मुलगी उठून आली. तेरा-चौदा वर्षांची, दोन घट्ट वेण्या. माठापाशी गेली, ग्लास हातात घेतला आणि थांबली. "आई, पाणी पिऊ?"

"पी," मंदाताई म्हणाल्या.

बाईंचं नख सांध्यात तिथेच थांबलं. मला मात्र कौतुक वाटलं. आजकालच्या मुलांत एवढी रीत कुठे असते! मी म्हटलंही, "किती शिस्तीची आहे हो तुमची मुलगी."

परतीच्या रिक्षात बाईंनी उरलेलं सांगितलं. सरळ समोर बघत, समितीपुढे बोलतात तशा आवाजात.

"काही आठवड्यांनी मी न सांगता गेले. आपल्याला शिकवलेलंच असतं, न सांगता गेलं की खरं दिसतं. मंदा कामावर होती. शेजारणीने दार उघडून दिलं. आत काही नाही. स्टोव्ह, गुंडाळलेली वाकळ, आणि भिंतीवर एक खिळा. काय वाटलं असेल मला? तू सांग."

"सामान विकलं," मी म्हणाले.

"तुलाही तेच वाटलं ना? शेजारीण दारातच उभी होती गं. तिला विचारलं नाही. मंदाची वाट बघितली नाही. मला पुढच्या घरी जायचं होतं." बाई जरा थांबल्या. "समितीपुढे मी सांगितलं, घरातलं सगळं सामान विकलं गेलंय. नवऱ्याची आठवण म्हणून होतं ते घड्याळसुद्धा तिने ठेवलेलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, काय नेमकं बोलले मी."

आरती, म्हणजे ती मुलगी, बालगृहातच राहिली. मंदाताई दर वेळी यायच्या, विचारायच्या, आणि त्यांना सांगितलं जायचं की तुमचं घर अजून स्थिर नाही. त्यांची समजूत अशी, की आपलं खोटं पकडलं गेलं. त्यामुळे का, कशावरून, हे विचारायची त्यांची हिंमतच झाली नाही. आणि बाईंची समजूत अशी, की मंदा काहीतरी लपवते आहे. असं एक-दोन नाही, पाच-सहा वर्षं चाललं.

"मग एकदा त्याच चाळीत दुसऱ्या एका कुटुंबाकडे गेले," बाई म्हणाल्या, "आणि भिंतीवर मोर."

त्या घरातल्या सुनेने सांगितलं की घड्याळ माहेरून आलंय. बाई म्हणाल्या, हे घड्याळ माझ्या ओळखीचं आहे. मग कुजबुज झाली आणि तीन दारं सोडून राहणाऱ्या कमळाकाकू स्वतः आल्या. हसत हसत म्हणाल्या, "अवो मॅडम, ह्या मोरानं चाळीतल्या सगळ्या पोरींची लग्नं जमवल्यात. ज्याच्या घरी पाव्हणे, त्याच्या घरी मोर."

"मी तिथेच खाली बसले," बाई म्हणाल्या. "खुर्ची ठेवली होती त्यांनी. बसवेना."

सरांनी त्यांना समजावलं होतं. जे झालं ते झालं, मुलीला आता सोडवू, पण उकरून काढू नका, संस्थेवर शिंतोडे उडतील. बाई समितीपुढे गेल्या आणि म्हणाल्या, मी चुकीचं सांगितलं होतं. आरतीला घरी पाठवायचं ठरलं. मग बाई मंदाताईंकडे गेल्या.

"म्हटलं, मंदा, माझं चुकलं. तर तीच माझे पाय धरायला आली. म्हणाली, बाई, मी खोटं बोलले, देवानं मला शिक्षा केली. मी म्हटलं, देवानं नाही गं. मी केली." रिक्षावाला आरशातून मागे बघत होता. "तुम्ही समोर बघा हो," बाई त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "कधीतरी ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी जाते. ती चहा करते."

भिंत संपता संपेना.

"आणि आरती पाणी विचारून पिते," बाई म्हणाल्या, "कारण बालगृहात विचारायला लागायचं. शिस्तीची म्हणालीस ना तू."

चालत्या रिक्षातून उडी मारावी असं मला वाटलं.

त्यानंतर मी मोहन्याला बाईंबरोबर जाऊ लागले. आरती घरात पाहुण्यासारखी राहायची. जेवली की ताट स्वतः घासून पालथं घालायची, आणि आई काही बोलली की "हो" म्हणायची. मंदाताईंना वाटे, गुणाची आहे. एक दिवस त्या पोळ्या पोचवायला गेल्या असताना आरती मला म्हणाली, "आई बरी झालेली, तरी मला न्यायला आली नाही ना? तिचंच चुकलं असं तीच म्हणते." मी काहीतरी पुटपुटले. परत येताना ते बाईंना सांगितलं, आणि सांगितल्याचा मला नंतर पश्चात्ताप झाला, कारण बाईंनी ठरवून टाकलं की आरतीला सगळं आपणच सांगायचं.

मंदाताई नको म्हणाल्या. "जाऊ द्या की बाई. आता काय त्याचं?" मीही नको म्हणाले, आणि जरा तोडूनच म्हणाले. "बाई, तुमचं ओझं तुम्ही त्या पोरीच्या अंगावर टाकताय."

"असेलही," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. "पण आईने आपल्याला टाकलं असं तिला वाटतंय. ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्यामुळे तयार झालंय. मग सांगणार कोण?"

त्यांनी सांगितलं ती दुपार मला नीट आठवते. बाई जमिनीवर, आरती त्यांच्यासमोर मांडी घालून, मंदाताई स्टोव्हपाशी पाठ करून. बाईंनी काहीही झाकलं नाही. पिंप सांगितलं, मोर सांगितला, खिळा सांगितला, आणि समितीपुढचं ते वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. आरती तेव्हा सतराची असेल. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे आई मागत होती मला?"

"प्रत्येक वेळी," बाई म्हणाल्या.

आरतीने आईच्या पाठीकडे पाहिलं. मग बाईंकडे. "तिथे आम्हाला पाणी प्यायचं तरी विचारायला लागायचं. आणि तुम्ही आईला एक गोष्ट विचारली नाही?"

"नाही विचारली."

"का?"

"मला वाटलं, मला कळलं," बाई म्हणाल्या.

आरती उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली, ती आम्ही निघेपर्यंत आत आली नाही. त्या दिवशी बाईंना उठवायला मी आणि मंदाताई दोघीच होतो. मंदाताईंचे डोळे रडून लाल झाले होते, तरी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "सावकाश जावा."

पुढे आम्ही गेलो की आरती बाहेर निघून जायची. चप्पल घालायची ती मुद्दाम बाईंच्या समोर उभी राहून. मला तिचा राग यायचा. पण मंदाताई एकदा बाईंच्या कानाशी लागून म्हणाल्या, "बाई, आता भांडते माझ्याशी. भाजीवरनं, मोबाइलवरनं, कशावरनं पन. आधी कशी लोकाच्या घरात असल्यागत राहायची." आणि असं तोंड भरून हसल्या की विचारू नका. बाईंनी मान खाली घातली. त्या रडत होत्या हे मला जरा उशिरा कळलं.

मी त्यांना म्हटलं होतं, "झालं की आता. आई-मुलीचं जमलं. ती तुमचं तोंड बघत नाही, मग कशाला जायचं?"

"तिला कधी बोलावंसं वाटलं तर मी सापडायला नको?" बाई म्हणाल्या. "आपण नोकरी बदलतो, ऑफिसं बदलतो, फोन बदलतो. या लोकांनी कुणाला शोधायचं?" हे त्या मला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या, पण त्या आठवड्यात मी नवा नंबर घेतला होता आणि जुन्या घरांपैकी कुणालाही कळवला नव्हता.

मग बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता जन्मात जमिनीवर बसायचं नाही. बाई म्हणाल्या, "म्हणजे माझी नोकरीच काढून घेतलीत." आम्ही हसलो. पण खरंच, त्यानंतर त्या कुणाच्या घरी गेल्या नाहीत. मोहन्याला मात्र एकदा गेल्या. मला बोलावून घेतलं, काठी घेतली, आणि तीच रिक्षा, तीच भिंत.

मंदाताईंनी खुर्ची पुढे केली. बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या. खाली बसता येईना आणि खुर्चीवर बसायला मन होईना. "बसा की वो बाई, पाया पडते," मंदाताई म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "असू दे, मी बरी आहे." पाय थरथरत होते. चहा झाला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला.

आरती घरातच होती. कल्याणला एका दुकानात बिलिंगला लागली होती, गळ्यात दुकानाचं कार्ड तसंच. चप्पल घालायला निघाली, आणि दारातून परत आली. आत गेली, दुसरीच एक खुर्ची घेऊन आली, लाल, नवी. बाईंच्या समोर आपटली आणि फिरवली. पाठीवर नेलपॉलिशने जाड अक्षरांत लिहिलं होतं, आरती.

"बसा," ती म्हणाली. "माझी आहे. कुणाची मागून आणलेली नाही."

बाईंनी चष्मा सारखा केला आणि सवयीने ते मोठ्याने वाचलं. "आरती."

"बसा म्हटलं ना. पण मी माफ केलेलं नाहीये."

"नको करूस," बाई म्हणाल्या, आणि बसल्या.

मी त्यांना कुणाच्या घरात खुर्चीवर बसलेलं पहिल्यांदा पाहत होते. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. आरती समोर उभी राहून बालगृहातलं काहीबाही सांगत होती, रागारागाने, आठवेल तसं. रविवारी कुणाची आई यायची, कुणाची नाही. आपण कुठल्या खिडकीतून बघायचो. मध्येच मंदाताई "पुरे गं" म्हणाल्या तर बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. चुकलं तर बोला असं त्या इतकी वर्षं लोकांना म्हणत आल्या होत्या. आज कुणीतरी बोलत होतं आणि त्या ऐकत होत्या.

निघताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "ओढा आता." एक हात मंदाताईंनी धरला. मी पुढे झाले तर बाईंनी डोळ्यांनी मला थांबवलं. दुसरा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग तो आरतीने धरला, बाईंना उभं केलं आणि लगेच सोडून दिला.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी बाई गेल्या. डोंबिवलीत शोकसभा झाली. सेवा, त्याग, तळमळ, सगळे शब्द येऊन गेले. मोहन्याचं कुणी काढलं नाही. सर मला म्हणाले, तुम्ही त्यांच्या जवळच्या, दोन शब्द बोला. मी उठले आणि बारा महिने पिशवीत राहणाऱ्या छत्रीची गंमत सांगितली. लोक हसले, डोळे पुसले, आणि मी खुर्चीवर येऊन बसले. ती खुर्ची मंडपवाल्याची होती, आणि मी तिच्या पाठीवरचं नाव वाचायचं टाळलं.

मोहन्याला कुणी कळवलं नसेल हे माहीत असूनही मला जायला बरेच दिवस लागले.

मंदाताईंनी निळी खुर्ची आणली. मी खाली बसले. त्यांना तिथेच कळलं असावं, कारण खुर्ची हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "बाई न्हाई आल्या?" मी सांगितलं. त्या माझ्या शेजारी बसून रडल्या, घरातलं माणूस गेल्यासारख्या. आरती दाराला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मग आता कोण येणार?" तिने विचारलं.

"कुठे?"

"आमच्याकडे."

"मी येईन," मी म्हणाले. म्हणताना आवाज बारीक झाला. मी ज्या घरांबद्दल आजवर बोलत आले त्यांतल्या किती घरांत परत गेले, असं तिने विचारलं असतं तर मोहन्याखेरीज एकाही घराचं नाव मला घेता आलं नसतं. तिने विचारलं नाही. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि माठाकडे गेली. लाल खुर्ची कोपऱ्यात होती, नावाची बाजू आमच्याकडे. मी फरशीच्या सांध्याकडे बघत होते.

आरतीने ग्लास घेतला, झाकण काढलं आणि थांबली. आता ती कमावती होती, घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

"आई, पाणी पिऊ?"

मंदाताई पदराने नाक पुसत म्हणाल्या, "पी की गं. सोताच्या घरात कुणी विचारतं का?"